चिकटवही आणि कीर्द

व्यापारी घरात जपण्याच्या वस्तूंचा एक क्रम ठरलेला असतो. आधी वह्या, मग दस्तऐवज, मग दागिने. फोटोंचे आल्बम त्या क्रमात फार खाली येतात. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेने आयर्विन पुलाजवळची 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी सांगलीच्या गणपती पेठेत शिरले, तेव्हा हळदीची अडत करणाऱ्या एका कुटुंबाने हाच क्रम पाळला. वह्या माडीवर गेल्या, संगणक गेला, तिजोरी रिकामी झाली. दुकानामागील खोलीतल्या लोखंडी कपाटाचा तळचा खण मात्र कोणाला आठवला नाही. त्यात चार पिढ्यांचे सात आल्बम होते.

पाणी ओसरल्यावर त्या आल्बमांची पाने एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. घरातील नातसुनेने वेळीच विचारपूस केली म्हणून निम्म्याहून अधिक फोटो वाचले. ओले फोटो ओढून सोडवायचे नसतात. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून हळूहळू सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे असतात. आठवडाभर माडीवरच्या गादीवर जुन्या चादरी अंथरून हे काम चालले. पंच्याऐंशी वर्षांच्या आजी भिंतीला टेकून बसत आणि वाळलेला प्रत्येक फोटो हातात घेऊन पाहत.

खरा धक्का त्यानंतर बसला. दहा वर्षांपूर्वी घरातल्या नातवाने यांतील बरेच फोटो स्कॅन केले होते. त्या वेळी आजींची स्मृती लख्ख होती. फोटोतील प्रत्येक चेहऱ्याचे नाव, नाते आणि गाव त्यांनी सांगितले होते आणि नातवाने ते तेव्हा फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यांपुढे टिपून ठेवले होते. पुढे ते सॉफ्टवेअर बंद झाले, जुना संगणक भंगारात गेला. फोटो नव्या संगणकावर व्यवस्थित उतरले. नावे मात्र उतरली नाहीत. ती फोटोच्या फाइलमध्ये नव्हतीच. त्या सॉफ्टवेअरने ती आपल्या वेगळ्या नोंदफाइलमध्ये ठेवली होती आणि ती फाइल जुन्या संगणकाबरोबर गेली होती.

पुराच्या पाण्याने फोटो नेले, ते निदान डोळ्यांदेखत. ही नावे पाण्याचा थेंब न लागता गेली होती. आता आजींना तेवढे आठवत नव्हते. एखादा फोटो हाती घेऊन त्या बराच वेळ पाहत आणि नातसुनेलाच विचारीत, “ही कोण गं?”

त्यातूनच कुटुंबाची डिजिटल चिकटवही करण्याचा विचार पुढे आला. चिकटवही मराठी घरांना नवी नाही. शाळेत प्रत्येकाने एक तरी केलेली असते. अमेरिकेत तिचे वेड इतके जुने आहे की मार्क ट्वेनने आपोआप चिकटणाऱ्या पानांच्या वहीचे पेटंट 1873 मध्ये घेतले होते. संगणकावरील चिकटवहीत कात्री आणि डिंक नसतात, पण रीत तीच. एका पानावर दोन-तीन फोटो, एखादे जुने बिल, लग्नपत्रिकेचा तुकडा, आणि शेजारी चार ओळींची हकीकत. अशी पाने जोडून पुस्तक होते. प्रश्न एवढाच होता की ही वही कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायची.

दिवाळी 2020 मध्ये घरातील मंडळी एकत्र बसली, तेव्हा प्रत्येकाजवळ स्वतःचे उत्तर होते. नातवाला कॅनव्हा पसंत होते. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेले हे संकेतस्थळ वापरण्यास सोपे, सजावटीचे साचे तयार, मोबाइलवरही चालणारे. पुण्याला दिलेल्या लेकीचा कल फोटोशॉप एलिमेंट्सकडे होता. घरगुती वापरासाठी अडोबीने 2001 पासून काढलेले हे सॉफ्टवेअर त्या वेळी एकरकमी विकत मिळत असे. तिसऱ्याचे म्हणणे, वेगळे काही घेण्याची गरजच काय. सगळे गुगल फोटोजवर फुकट राहतेच. योगायोग असा की त्याच दिवाळीच्या आठवड्यात गुगलने जाहीर केले होते की अमर्याद फुकट जागेची सोय 1 जून 2021 पासून संपेल आणि त्यानंतरचे नवे फोटो 15 जीबीच्या मर्यादेत मोजले जातील. बातमी वाचून दाखवल्यावर तो पर्याय आपोआप मागे पडला.

चर्चा सजावट, किंमत आणि वेग यांभोवती फिरत राहिली. मालाचा फराळ घेऊन आलेले दिवाणजी दाराशी बसून ऐकत होते. 1981 पासून ते या पेढीवर आहेत. संगणकाशी त्यांचा संबंध जीएसटीच्या नोंदींपुरता. ते म्हणाले, “मालक, एक विचारू? हे दुकान उद्या बंद पडलं, तर आपली वही आपल्याकडं राहणार का?”

थोड्या वेळाने त्यांनीच पुस्ती जोडली. “आणि राहिली, तर दुसऱ्या दिवाणजीला ती वाचता येणार का?”

बाजारात नव्या पार्टीशी व्यवहार करण्याआधी जाणता व्यापारी उघडण्याचे मुहूर्त पाहत नाही, हिशेब मिटवण्याची रीत पाहतो. खाते उघडताना सगळेच गोड बोलतात. खाते बंद करताना शिल्लक किती सहज हाती येते, यावर पेढीची पत कळते. दिवाणजींच्या दोन प्रश्नांनी सॉफ्टवेअरची निवड याच वाटेवर आली. नातसुनेने त्या रात्री वहीत चार कसोट्या लिहिल्या आणि ठरवले की प्रत्येक सॉफ्टवेअरला एकच फोटो आणि एकच पान करायला द्यायचे.

पहिली कसोटी नावांची. सॉफ्टवेअरमध्ये फोटोखाली नाव लिहायचे, तो फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. नाव दिसले तर ते फोटोच्या फाइलमध्येच लिहिले गेले. दिसले नाही तर ते सॉफ्टवेअरच्या घरी राहिले. दहा वर्षांपूर्वी ही पाच मिनिटांची परीक्षा घेतली असती, तर आजींनी सांगितलेले एकही नाव गेले नसते.

दुसरी कसोटी बाहेर पडण्याची. तयार झालेले पान पीडीएफ किंवा टिफ यांसारख्या सर्वत्र वाचता येणाऱ्या रूपात पूर्ण आकाराचे मिळते का? बारा इंच चौरस पान छपाईसाठी इंचाला 300 बिंदू धरून काढले, तर ते 3600 गुणिले 3600, म्हणजे सुमारे एक कोटी तीस लाख बिंदूंचे होते. पडद्यावर सुंदर दिसणारे पान या मापाचे नसेल, तर छापल्यावर धूसर येते. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो याच कारणाने बाद झाले. तिथे फोटो आकुंचित होऊन येतो आणि त्यातील लपलेल्या नोंदीही वाटेत गळतात.

तिसरी कसोटी मराठीची. युनिकोडमध्ये मराठी टंकून पाहायचे. एका सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली आणि जोडाक्षरे फुटली. ज्या वहीत पणजोबांचे नावच नीट लिहिता येत नाही, ती वही कितीही नटलेली असली तरी उपयोगाची नव्हती.

चौथी कसोटी मूळ फोटोची. सॉफ्टवेअर केलेले बदल मूळ फाइलवरच चढवते, की मूळ तसेच ठेवून वेगळ्या थरावर करते? जेपीईजी फाइल दुरुस्त करून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी थोडा तपशील झडतो. म्हणून स्कॅन केलेल्या मूळ प्रती टिफमध्ये वेगळ्या ठेवायच्या आणि त्यांना कुलूप घालायचे, असे ठरले.

या परीक्षेअंती निवड झाली ती कोणाच्याच मनात आधी नव्हती. नावे आणि तारखा लिहिण्यासाठी डिजिकॅम, आणि पाने रचण्यासाठी जिंप. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर. जिंप तर 1996 पासून लोकांच्या हाती आहे. दोन्हींच्या स्थापनेच्या फाइलीसुद्धा आपल्या डिस्कवर ठेवता येतात. उणेही होतेच. तयार साचे जवळजवळ नाहीत आणि शिकायला वेळ लागतो. नातसुनेचे पहिले पान व्हायला तीन आठवडे गेले. सजावटीची चित्रे बाहेरून घ्यावी लागली, आणि त्यांच्या परवान्यात “केवळ वैयक्तिक वापरासाठी” असे लिहिलेले असल्याने त्यातलेच एक पान दुकानाच्या कॅलेंडरवर छापण्याचा थोरल्यांचा बेत सोडावा लागला. मुलांच्या वाढदिवसाच्या पत्रिकांसाठी मात्र घरात आजही कॅनव्हाच वापरले जाते. चार दिवसांच्या पत्रिकेचे माप वेगळे आणि चार पिढ्यांच्या वहीचे वेगळे.

त्यानंतर रोज दुपारी आजी आणि नातसून बसू लागल्या. 6 गुणिले 4 इंचांचा फोटो 600 बिंदूंनी स्कॅन केला की पडद्यावर चेहरे हाताएवढे होत आणि आजींना ओळखू येत. कधी नाव लगेच निघे, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर. जे आठवले ते लिहिले. जिथे आठवले नाही तिथे “नाव ठाऊक नाही” असे लिहिले. अंदाजाने एकही नाव घातले नाही.

1978 च्या वहीपूजनाचा फोटो पडद्यावर आला, त्या दिवशी थोरलेही तिथे होते. पाटावर नव्या वह्या, मागे आजोबा, त्यांच्या दोन्ही अंगांना थोरले आणि धाकटे, आणि कडेला दौत धरून उभा असलेला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा. त्या मुलाला आजींनी ओळखले नाही, थोरल्यांनीही नाही. दिवाणजी त्या काळी पेढीवर आलेले नव्हते.

धाकटे 1998 च्या वाटणीनंतर त्याच गावात वेगळे झाले होते. वाटणी शांतपणे झाली नव्हती. दोन्ही घरांत लग्नकार्यापुरतेच येणे-जाणे उरले होते. थोरल्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि सुनेला विचारले, “हे असलं सॉफ्टवेअर माणूस काढूनही टाकतं ना?”

काढता येत होते. क्लोनच्या साधनाने मागची भिंत पुढे ओढली असती, तर पाच-दहा मिनिटांत धाकट्यांच्या जागी चुना लावलेली भिंत दिसली असती. नातसून काहीच बोलली नाही. आजी बोलल्या. “तुझ्या वडिलांच्या कीर्दीत कधी खाडाखोड बघितलीस? नोंद चुकली तर ते उलट नोंद घालत. पान फाडत नसत.”

थोरले उठून खाली दुकानात गेले. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की पान आहे तसे राहू दे.

जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा पेठेत आली. या वेळी तळच्या खणात काही नव्हते. वहीची एक प्रत माडीवरच्या संगणकावर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी पुण्याला लेकीकडे होती. पावसाच्या त्या रात्री आजींनी वह्यांबरोबर चिकटवहीचीही चौकशी केली. आल्बमांचा क्रम आता बराच वर सरकला होता.

त्या दिवाळीला 96 पानांचे पुस्तक छापून आले. प्रती तीन काढल्या. एक घरी, एक पुण्याला. तिसरी कोणाला, हे कोणी विचारले नाही. थोरल्यांनी ती स्वतः कागदात बांधली आणि दिवाणजींच्या हाती धाकट्यांकडे पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती.

चार दिवसांनी पुस्तक परत आले. क्षणभर सर्वांना वाटले, नाकारले. नातसुनेने उघडले तेव्हा 1978 च्या पानावर खुणेचा कागद होता. “नाव ठाऊक नाही” या छापील ओळीखाली धाकट्यांच्या वळणदार अक्षरात त्या मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव लिहिलेले होते. पुढे एक ओळ होती: हा तोलारांचा मुलगा, त्या वर्षी आपल्याबरोबर शाळेला जात होता. खाली तारीख आणि सही. जुन्या वह्यांत दुरुस्तीखाली करतात तशी.

पुस्तक पुन्हा धाकट्यांकडे गेले. या वेळी पोचवायला थोरले स्वतः गेले. नातसुनेने त्या दुपारी डिजिकॅम उघडून मुलाचे नाव फोटोत लिहिले, पेन ड्राइव्हवर घेतले, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिले. नाव जागेवर होते. मग तिने ते आजींना मोठ्याने वाचून दाखवले.