धान धार खाते

कार्तिकात साकोलीकडे धान कापायला गेलो होतो, हौसेनं. सकाळी बोट लावायची भीती वाटावी असा इळा (झाडीपट्टीत विळ्याला इळाच म्हणतात) दुपारी नुसतं तणस ओढू लागला. शेजारच्या पातेवरची बाई हसली. "धान धार खाते, भाऊ."

*

खरंच खातं. धान मातीतून सिलिका ओढून घेतं. वाळूत असते तीच. तूस जाळलं तर वजनाच्या साधारण पाचवा भाग राख उरते आणि त्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका. बांबूच्या हिरव्या सालीतही ती असतेच, म्हणून बुरडाचं पातं दर थोड्या वेळानं दगडावर जातं. आमच्याकडची दोन मोठी कामं, दोन्ही धारेच्या मुळावर उठलेली.

आणि पाजवायचा दगड तरी कशाचा? वालुकाश्माचा. म्हणजे पुन्हा सिलिकाच. नेणारीही तीच, आणून देणारीही तीच.

*

लोहार जुन्या ट्रकच्या कमानपाट्यातून सुरी काढतो. घडवणं दिसायला भारी, पण खरी परीक्षा पाणी देण्यात. पातं लालबुंद करून धारेकडचा भाग पाण्यात बुडवायचा. आता ते काचेसारखं कडक, आपटलं तर तुकडा उडेल. मग दगडानं एक जागा घासून चकचकीत करायची आणि मागे उरलेली ऊब धारेकडे सरकताना बघत बसायचं. आधी तणसाचा पिवळा रंग येतो, 230 अंशांच्या आसपास. मग तपकिरी, जांभळा, 300 च्या सुमारास निळा. पिवळ्यावर पुन्हा पाणी. दोन क्षण उशीर झाला की सुरी मऊ. हे सगळं डोळ्यावर चालतं. लोहारशाळेत अंधार का ठेवतात ते मला इथे कळलं: उजेडात लाली ओळखू येत नाही.

*

माझी एक चांगली सुरी बाजारात विजेच्या चाकावर दिली. ठिणग्यांचा पाऊस, दहा रुपये, दोन मिनिटं. घरी येऊन पाहिलं तर टोक निळं. पाणी उतरलेलं. तेवढं टोक आजही दुधीभोपळ्यावरसुद्धा वाकतं.

*

कोन मोजायला यंत्र लागत नाही. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, निम्मं झुकवा, पुन्हा निम्मं. झाले साडेबावीस अंश. लाकूड तासायच्या सुरीला हेच बरं. स्वयंपाकघरातल्या सुरीला 15 चालतात, कुऱ्हाडीला 25 ते 30 हवेत. हाताचे केस भादरून दाखवणारी धार मला फुशारकीची वाटते. बांबूच्या पहिल्याच पेरावर ती दुमडते.

*

दगड ओला ठेवावा. धारेला स्केचपेननं काळं करावं आणि दोनदा घासून बघावं. काळं कुठून गेलं त्यावरून हात कुठे चुकतोय ते दिसतं. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला नखाला अडकेल अशी बारीक तार येते. ती आली म्हणजे धार काठापर्यंत पोचली. नवशिके तार येण्याआधीच थांबतात, आणि दगडाला नावं ठेवतात. मग बाजू बदलायची, दाब कमी करत जायचं, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं ओढायचं, न्हावी वस्तरा ओढायचे तसं. पट्ट्यावर तुसाची वस्त्रगाळ राख चोळली तर तीही काम करते. इळ्याच्या धारेचं कर्ज तेवढंच फिटतं.

*

मुठीला जवसाचं तेल: ते वाळून लाकडावर पापुद्रा धरतं. पात्याला पावसाळ्यात मोहाच्या बियांचं तेल पुसून ठेवावं. सुरी चामड्याच्या म्यानात कधीच महिनोन्‌महिने राहू देऊ नये; चामडं ओल धरतं.

*

आणि कोका अभयारण्यात जाणार असाल तर सुरी घरीच ठेवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शस्त्रांच्या व्याख्येत सुरीचंही नाव आहे, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही.