जाळी कोणी घासावी?

पाकशास्त्रावर मराठीत ग्रंथ पुष्कळ झाले. परंतु पंगत उठल्यानंतरच्या शास्त्रावर, वामकुक्षी आणि विडा हे दोन विषय वगळले तर, कोणी लेखणी झिजविल्याचे आम्हांस स्मरत नाही. लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांच्या हाती घासणी क्वचितच आली, हे त्याचे उघड कारण होय. या उपेक्षित विषयाकडे आमचे लक्ष वळविण्याचे श्रेय एका परदेशी थाटाच्या शेगडीस आहे.

पुण्यास नोकरीला असलेल्या आमच्या पुतण्याने गेल्या हिवाळ्यात ती जालन्यास आणली. तिला बार्बेक्यू म्हणतात. हा शब्द मूळचा इंग्रजांचाही नव्हे. कॅरिबियन बेटांतील ताईनो लोक खुंटांवर काटक्यांचा माचा रचून त्यावर मांस-मासळी भाजीत. त्या माच्याचे नाव स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ म्हणून उचलले आणि पुढे इंग्रजांनी ते आपलेसे केले. मूळची जाळी काटक्यांची होती, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ती खराब झाली की तिलाच विस्तवात सारावी, नवी रचावी. घासण्याचा प्रश्नच नाही. काटक्यांच्या जागी लोखंड आले आणि तो प्रश्न जन्मास आला.

आमच्या जिल्ह्यास भाजून खाण्याची रीत शिकविण्यासाठी पुण्याहून कोणी येण्याची आवश्यकता नव्हती. थंडीच्या दिवसांत शेतात गोवऱ्यांची आगटी पेटवावी, ज्वारीची कोवळी कणसे तीत खुपसावीत, ती तळहातांवर चोळून गरम हुरडा चटणीबरोबर खावा, आणि जाता जाता एखादे वांगे निखाऱ्यांत लोटून द्यावे, ही आमची जुनी मेजवानी. तिची थोरवी ही की तीत घासावयाचे भांडे जवळजवळ निघतच नाही. जी राख उरते तीही दुसऱ्या घरची भांडी घासण्याच्या कामी येते.

गच्चीवरील मेजवानीचा न्याय निराळा. पनीर, मक्याची कणसे, ढोबळी मिरची आणि मांसाहारी मंडळींकरिता कोंबडी, सर्वांवर तेल आणि दह्याचा लेप. पुरुषमंडळींनी चिमटे हाती घेतले होते. एरवी स्वयंपाकघरात पाण्याचा पेला स्वतः भरून न घेणारे आमचे दोन मित्र त्या निखाऱ्यांपुढे एखाद्या यज्ञाच्या ऋत्विजांसारखे उभे होते. रात्री अकरा वाजता यज्ञ आटोपला, ऋत्विज घरोघर गेले, आणि सकाळी ती जाळी मोरीवर मावशींच्या पुढ्यात आली.

मावशी आमच्याकडे कित्येक वर्षे भांडी घासतात. त्यांनी जाळी उलटीसुलटी करून पाहिली आणि आमच्या सौभाग्यवतींस विचारले, “ताई, हे काय खिडकीचे गज हायेत का?” त्या हसत होत्या, परंतु पुढचा पाऊण तास त्यांस हसण्यासारखा नव्हता. तापत राहिलेले तेल लोखंडावर वार्निशासारखे घट्ट बसते, आणि रात्रभर थंड झाल्यावर साबणास मुळीच दाद देत नाही. पाण्याचाही हिशेब होताच. निजामी अमदानीतल्या घाणेवाडी तलावाच्या पाण्यावर वाढलेल्या या गावाने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला आहे. येथील गृहिणी बादलीकडे पाहते ती दृष्टी पुणेकरास सहसा नसते.

पुतण्याने शेगडीबरोबर एक तारेचा ब्रशही आणला होता. लांब दांडा, त्यावर पोलादी तारांचे दाट केस, आणि वेष्टनावर एका हसऱ्या साहेबाचे चित्र. त्याने काम झपाट्याने होते यात संशय नाही. मात्र दुसऱ्या मेजवानीच्या दिवशी पाहुण्यांतील एका लहान मुलीने तोंडातला घास हातावर काढला आणि “केस लागला” म्हणून आईस दाखविला. तो केस नव्हता. बोटाच्या पेराएवढी तार होती; ब्रशातून गळून जाळीस चिकटलेली आणि तेथून कणसात शिरलेली.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचीत बसलो. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०१२ च्या जुलैत एक अहवाल प्रसिद्ध केला आहे. मार्च २०११ ते जून २०१२ या अवधीत ऱ्होड आयलंड राज्यातील एकाच रुग्णालय-संस्थेत असे सहा रुग्ण आले होते. कोणाच्या गळ्यात तार रुतली होती, कोणाच्या आतड्यात. २००२ ते २०१४ या वर्षांत अशा कारणाने त्या देशातील तातडीच्या दवाखान्यांत गेलेल्यांची संख्या पुढे एका अभ्यासात सुमारे १,६९८ अंदाजण्यात आली. तेवढ्या मोठ्या देशास हा आकडा लहान आहे, असे कोणी म्हणेल. आमच्यापुढे मात्र एक बालिका आणि एक तार होती. तेथे सरासरी काढण्याची बुद्धी आम्हांस झाली नाही. ब्रश त्याच रात्री कचऱ्यात गेला. वस्तुतः तारेची घासणी प्रत्येक घरच्या मोरीवर असते आणि तिचेही धागे तुटतात; परंतु परिचयाच्या वस्तूचे भय वाटत नाही.

मग घासावे कशाने? मावशींचे उत्तर एका शब्दाचे होते: राख. या शब्दात रसायनशास्त्राचा मोठा भाग आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते; ते ओले होऊन चरबीवर चोळले गेले म्हणजे तेथल्या तेथे थोडाबहुत साबणच होतो, आणि राखेचे बारीक कण खरवडण्याचे काम करतात. त्या पोटॅशियमचे नाव तरी ‘पॉट-ॲश’, म्हणजे मडक्यातली राख, यावरूनच पडले. हम्फ्री डेव्ही याने १८०७ साली ते मूलद्रव्य वेगळे केले, त्यापूर्वी शतकानुशतके राखेने भांडी घासली जात होती. शिवाय राख कोरडी चोळता येते आणि खळबळण्यास तांब्याभर पाणी पुरते. पण राख आणावी कोठून? पऱ्हाट्या जाळणारी चूल आमच्या घरातून आमच्या बालपणीच गेली. मावशींच्या घरीही आता गॅस आहे. ज्या शेगडीने जाळी काळी केली तिच्याच तळाशी राख होती, ही गोष्ट मावशींनी दाखविली तेव्हा कोठे आमच्यासारख्या पदवीधरांच्या ध्यानात आली.

दुसरे साधन उष्णता. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांत लालबुंद ठोकळा रुळांतून दाबला जातो तेव्हा त्याच्या अंगावरची काळी खपली आपोआप गळून पडते. आमच्या जाळीची तीच गत आहे. भाजणे संपल्यावर ती दहा-पंधरा मिनिटे निखाऱ्यांवर रिकामी तापू द्यावी, म्हणजे चिकट थर जळून भुसभुशीत होतो. मग पोलादी पट्टीने खरवडावी आणि शेवटी अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तिजवर फिरवावा. हा अर्धा कांदा आमच्या आजीच्या धिरड्याच्या तव्यावरचाच. फक्त जाळी बिडाची असेल तर ती तापलेली असता थंड पाणी ओतू नये, तडकते.

येथे खरी अडचण दिसून येते. ही दहा-पंधरा मिनिटे नेमकी पाने वाढण्याची असतात. ज्याच्या हाती चिमटा त्याला तेव्हा भूक लागलेली असते, आणि म्हणून जाळी थंड होऊन सकाळची वाट पाहते. साधनांची दुकाने कितीही भरली तरी हा खोळंबा कोणत्याही ब्रशाने दूर व्हावयाचा नाही. सौभाग्यवतींनी यावर नियम केला: जो भाजील त्याने जाळी गरम असताच खरवडावी, आणि मगच पानावर बसावे. मावशींशी ठरलेल्या कामात ही जाळी नव्हतीच, हेही त्यांनी पुतण्यास स्पष्ट सांगितले. आमच्या दोन मित्रांपैकी एकाचा उत्साह त्यानंतर बराच ओसरला आहे. दुसरा अजून येतो.

पट्टी आम्ही रस्त्याकडेला भाता लावून बसणाऱ्या एका घिसाडी कारागिराकडून करवून घेतली. जाळीचा एक तुकडाच त्याच्यापुढे ठेवला. त्याने गजांची जाडी बोटाने मोजली आणि पट्टीच्या टोकास तेवढ्याच खाचा कानशीने पाडल्या. दांडा हातभर लांब ठेवला. मावशींनी ती उचलून हातात तोलून पाहिली, दांडा फार लांब म्हणून परत टांगली, आणि त्याच आठवड्यात त्या कारागिराकडे जाऊन घरच्या तव्यासाठी वीतभर दांड्याची, बिनखाचांची एक पट्टी करवून आणली.