कटाव, कोन्नक्कोल आणि रॅप

कानासाठी निर्माण झालेली रचना डोळ्यांनी वाचून तिची किंमत ठरवली, की समीक्षेचा तोल जातो. 'गली बॉय' (2019) या चित्रपटाच्या गीतसंग्रहाचे स्वागत याच रीतीने झाले. 2020 च्या फिल्मफेअर सोहळ्यात गीतलेखनाचे पारितोषिक डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना 'अपना टाइम आयेगा'साठी मिळाले. 'तेरी मिट्टी'चे गीतकार मनोज मुंतशिर यांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि यापुढे पुरस्कारसोहळ्यांना न जाण्याचे जाहीर केले. मग वाद रंगला तो एवढ्याच प्रश्नावर : रॅप हे काव्य आहे काय?

या गदारोळात संग्रहातील सर्वांत धाडसी रचना बाजूला राहिली. 'इंडिया 91' ही ती रचना. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी कर्नाटक संगीतातील तालबोलांवर, म्हणजे कोन्नक्कोलवर, तरुण रॅपकारांचे शब्द बसवले. मराठी, गुजराती, पंजाबी, हिंदी अशा भाषा एकाच लयीच्या चौकटीत उभ्या राहिल्या. तालाचा बोल अर्थावाचूनही बोलतो. त्याच्या शेजारी आला की अर्थवान शब्दही आधी आघात होतो, अर्थ मागाहून पोचतो. ही प्रक्रिया छापील संहितेत दिसतच नाही.

मराठी समीक्षेला मात्र हे अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते. अठराव्या शतकात अमृतरायांनी कटाव रचले. अनुप्रासांची दाटी, धावती लय, श्वास पुरेल तोवर लांबत जाणारी ओळ, हे त्यांचे वैभव. कीर्तनाच्या रंगातून उचलून ते पानावर ठेवले, की निम्मे विझतात. तरीही वाङ्मयेतिहासाने त्यांना स्थान दिले. तोच न्याय रॅपला का नसावा?

परंतु परंपरेचे नाते दाखवल्याने मूल्यमापन पुरे होत नाही. रॅपला 'आजचा पोवाडा' म्हणून गौरवणे हीदेखील एक पळवाटच. पोवाडा दुसऱ्याचे शौर्य गातो. रॅपकार बहुधा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वस्तीतून बोलतो. मुंबईतील 'स्वदेसी' या समूहाने 2019 मध्ये आरे वनातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' ही मराठी रचना केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील झाडे रात्रीतून तोडली गेली. त्यामुळे ही रचना बातमीचा विषय झाली. तिच्या लयीचा, बोलीचा, आदिवासी स्वर आणि शहरी ठेका यांच्या जोडणीचा विचार मात्र मागे पडला. कार्य थोर म्हणून कृती थोर, असे म्हणणे हा कवीचा सन्मान नव्हे.

'इंडिया 91'मधील एक आवाज, 'स्वदेसी'चा एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार, मार्च 2022 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तला. त्याची कविता पुस्तकात नाही. ती ध्वनिमुद्रणात आहे. ग्रंथालयांनी ती जपायची आणि अभ्यासकांनी कान देऊन तपासायची, तर आधी तिला रचना मानावे लागेल. दोष दाखवण्याचा अधिकारही त्यानंतरच मिळतो.