झिलई: धडगावचा तीर आणि ॲल्युमिनियमचे रिव्हॉल्व्हर

१/ धडगावच्या आठवडी बाजारात दोन धातू शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे लोखंडी विळे, कोयते, कुऱ्हाडी. दुसरीकडे ॲल्युमिनियमची पातेली, ज्यांना महाराष्ट्रातील कित्येक घरांत अजूनही ‘जर्मनची भांडी’ म्हणतात. लोखंड गंजते, म्हणून ते वारंवार घासावे, परजावे लागते. जर्मनच्या पातेल्याला कल्हईसुद्धा लागत नाही. या दोन धातूंचा स्वभावभेद ध्यानात ठेवला, तर शस्त्रसंग्राहकांमधील एक जुना वाद उलगडतो: ॲल्युमिनियमची फ्रेम असलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला नवी झिलई द्यावी काय?

२/ प्रश्न वरवर कारागिरीचा वाटतो. सातपुड्यात मात्र शस्त्राचा कोणताही प्रश्न इतिहासापाशी येऊन थांबतो. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे भिल्ल आणि कंपनीचे सैन्य समोरासमोर आले. पुढे वीस वर्षांनी, १८७८च्या शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या केली. तीत बंदूक, तलवार, भाला आणि तोफेबरोबर तीरकामठाही आहे! रानात शिकारीला आणि शेताच्या राखणीला वापरायचा बांबूचा कामठा सरकारदप्तरी तोफेच्या पंक्तीला बसला.

३/ रिव्हॉल्व्हरमध्ये ॲल्युमिनियम आले ते वजन घटवण्यासाठी. हा धातू विमानांनी आधीच आपलासा केला होता. सागरी विमानांचे भाग खाऱ्या पाण्याने खराब होऊ नयेत म्हणून ब्रिटनमध्ये १९२३ साली ॲनोडायझिंगची प्रक्रिया औद्योगिक वापरात आली. १९५०मध्ये कोल्ट कंपनीने ‘कोब्रा’ बाजारात आणले. फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. नळी आणि काडतुसांची फिरती चक्री पोलादी. वजन सुमारे ४२५ ग्रॅम. त्याच घडणीच्या पोलादी रिव्हॉल्व्हरचे सुमारे ६०० ग्रॅम. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी जॅक रुबीने ली हार्वी ओस्वाल्डवर गोळी झाडली, ती कोब्रातूनच.

४/ अमेरिकी हवाईदलाचा हव्यास त्याच्याही पुढे गेला. वैमानिकांसाठी बनवलेल्या ‘एम १३’ रिव्हॉल्व्हरची फ्रेमच काय, चक्रीही ॲल्युमिनियमची होती. काडतुसाचा स्फोट प्रत्यक्ष झेलणारा भाग तो! नेहमीच्या काडतुसांचा दाब तिला सोसवेना, म्हणून कमी दाबाची वेगळी काडतुसे काढावी लागली. अखेर १९५९मध्ये ही शस्त्रे सेवेतून काढून बहुतेक नष्ट करण्यात आली. आज उरलेला एखादा ‘एम १३’ दुर्मीळ आहे तो एका फसलेल्या प्रयोगाचा साक्षीदार म्हणून.

५/ आता झिलईकडे. पोलादाला निळसर-काळा रंग येतो तो वरून फासलेला नसतो. लोखंडाच्या पृष्ठभागाचेच काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर केलेले असते. जणू गंजालाच शिस्त लावलेली असते. ॲल्युमिनियमवर ही क्रिया चालत नाही. उलट, पोलाद काळे करणारे उकळते दाहक क्षार ॲल्युमिनियमला चक्क खाऊन टाकतात. त्याच्यासाठी आम्लात बुडवून वीज सोडायची, पृष्ठभागावर ऑक्साइडचा सच्छिद्र थर वाढवायचा, त्या छिद्रांत रंग मुरवायचा आणि गरम पाण्याने छिद्रे बुजवायची, असा मार्ग आहे. त्यामुळे एकाच रिव्हॉल्व्हरची चक्री आणि फ्रेम यांचे काळेपण कधीच तंतोतंत जुळत नाही. बारकाईने पाहणाऱ्याला तो फरक दिसतो, आणि दोन धातूंची ती तडजोड तिथेच वाचता येते.

६/ नवी झिलई देण्यापूर्वी जुना थर उतरवावा लागतो, आणि त्याबरोबर थोडा मूळ धातूही जातो. कडा बोथट होतात, कोरलेली अक्षरे उथळ होतात. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे घासून जिथे काळा रंग उडाला, रुपेरी धातू उघडा पडला, ती खूण पुसली जाते. शस्त्र उजव्या कमरेला होते की डाव्या, रोज वापरात होते की कपाटात पडून, हे सांगणारा पुरावा बहुधा तेवढाच असतो. भारतात तर याला कायद्याची बाजूही आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याचे कलम ८ अग्निशस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसण्यास, बदलण्यास मनाई करते. कलम ५नुसार व्यवसाय म्हणून दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. हौसेने घरी पॉलिश पेपर चालवणाऱ्याने हे विसरू नये.

७/ मग धडगावच्या तीराचे काय? त्याचे लोखंडी टोक पुन्हा पुन्हा घासले जाते, बोथटले की बदलले जाते, आणि त्यात कोणी इतिहासाचा ऱ्हास पाहत नाही. पाहूही नये. तांब्याच्या हंड्याला कल्हई केली म्हणून हंडा खोटा ठरत नाही. जी वस्तू अजून कामाला जाते, तिला नवी धार, नवा मुलामा मिळणे हेच तिचे जगणे. आजोबांच्या कपाटातले, परवान्यावर नोंदलेले, पुन्हा कधीही न चालणारे रिव्हॉल्व्हर या वर्गात बसत नाही. तिथे चकचकीत करण्याची ओढ बहुतेकदा दिवाणखान्याची असते.

८/ भारतात २०१४मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ काढले, सुमारे ५०० ग्रॅमचे. तेव्हा हलकेपणासाठी टायटॅनियमचा मिश्रधातू निवडला गेला. तोवर ॲल्युमिनियमच्या फ्रेमची पहिली पिढी जुनी झाली होती. तिच्यातले एखादे शस्त्र हाती आलेच, तर परवानाधारक कारागिराकडून ते रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, क्रमांक टिपून ठेवावा. पोलादी भागांवर तेलाचा पुसट हात पुरे. फ्रेमला मऊ कोरडे फडके, आणि रुपेरी झालेल्या कडांना हात लावू नये.