विना केवायसी

माणसाला एखादा छंद असावा, असं आमचे शाळेतले मास्तर सांगत. मी काड्यापेट्यांचे छाप जमवून पाहिले, बुलबुलतरंग वाजवून पाहिलं (तो शेजाऱ्यांनी सोडवला) आणि शेवटी बी.कॉम. होऊन बँकेला चिकटलो. तिथं दुसऱ्याचे पैसे मोजण्याचा छंद आपोआप जडतो. पण ऐन चाळिशीत, पोट सुटायच्या वयात, आपण बंदूक हाती घेऊ असं पत्रिकेतसुद्धा नव्हतं.

दोष २०२० च्या टाळेबंदीचा. सगळा गाव घरात आणि आम्ही काउंटरवर. संध्याकाळी परतलो की सौ. मला लोणच्याच्या बरणीसारखं मागच्या खोलीत वेगळं ठेवी. ताट दाराबाहेर. एकटा बसून करणार काय? पुतण्यानं फोनवर पबजी टाकून दिलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या टाकतात. घरोघर शिरून बंदुका, हेल्मेटं, मलमपट्ट्या गोळा करायच्या आणि एकमेकांना मारायचं. भोवतालचं वर्तुळ आवळत येतं, मार्चअखेर येते तसं. शेवटी उरेल त्याला 'चिकन डिनर'. मी शाकाहारी, ती वेळ माझ्यावर सहसा आली नाही. मला आवडलं ते तिथलं फ्राइंग पॅन. पाठीला लटकवलं की चक्क गोळी अडवतं! हे सौ.ला सांगितलं तेव्हा ती दाराआडून म्हणाली, "आपल्याकडचा तवा एकदा घासून दाखवा."

खेळायचं चौघांच्या तुकडीत. माझं नाव 'शिल्लक_शून्य'. दुसरा एक जण कायम जांभया देई, तिसऱ्याच्या घरी अष्टौप्रहर कुकरची शिट्टी. चौथा 'ढाण्या', आवाजावरून तेरा-चौदा वर्षांचा. पहिल्याच रात्री म्हणाला, "काका, उघड्यावर काय पळताय? बस सुटली का?"

गोळी लागून माणूस गुडघ्यावर आला की सोबत्यानं जवळ येऊन त्याला उठवायचं, असा नियम. ढाण्या मला रात्रीतून पाच-सहा वेळा उठवी. बँकेत मला आजवर उठवलंय ते फक्त खुर्चीवरून. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांनाही "केवायसी आणा" म्हणून परत पाठवणारा मी, रात्री नाव-गाव ठाऊक नसलेल्या पोराच्या हवाली जीव करत होतो.

ऑगस्टअखेरीस एका रात्री तो मिनिटभरच आला. "काका, आज नाही. बाबांना दवाखान्यात नेलंय. फोन आईला लागेल."

पुन्हा आला नाही. २ सप्टेंबरला सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजीही होतं. आधी उतरवून घेतलेल्यांचं काही दिवस चालू राहिलं. मी रोज रात्री यादीतलं ते मालवलेलं नाव बघे आणि बंद करी. ३० ऑक्टोबरला तेही संपलं. पत्ता नाही, वारसदाराचं नाव नाही, काही नाही. दिवसभर लोकांना मोबाइल नंबर विचारणाऱ्या माणसानं हा एक नंबर विचारला नव्हता.

जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावानं आला. मी जुनंच नाव घेतलं, उगाच एखाद्यानं शोधायचं म्हटलं तर बरं. एव्हाना मला घरात फिरायची परवानगी मिळाली होती, पण खेळायला खोली तीच. नवे सोबती भले होते. उठवायचेसुद्धा. बसचं मात्र कुणी विचारलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. मी नेहमीप्रमाणे मैदानातून धावत होतो आणि कानात एक फुटका, घोगरा आवाज आला, "काका, अजून बस मिळाली नाही?"

मी जागीच उभा राहिलो. उघड्यावर.

"बाबा?" मला एवढंच विचारता आलं.

"हळू बोला ना. इथंच झोपलेत."

त्यानं फोन जरा लांब धरला असावा. एक भरदार, खणखणीत घोरणं आलं. आम्ही दोघं गप्प उभे राहून ते ऐकत होतो. तेवढ्यात कुणीतरी लांबून दोघांनाही टिपलं.



"बघा," ढाण्या म्हणाला, "तुमच्यामुळं."