मंजूर भार

सहा अँपिअरमध्ये काय काय बसतं, हे मला फ्रान्समध्ये कुणाला विचारावं लागलं नाही. ते मी सिंदी मेघेत शिकले होते, आमच्या ले-आऊटमधल्या वायरमनकाकांकडून. त्यांचं देणं माझ्यावर आहे आणि ते फिटण्यातलं नाही.

आमचं सिंदी मेघे वर्धा शहराला चिकटलेलं. सिंदी रेल्वे निराळं, ते सेलू तालुक्यात. माझ्या लहानपणी आमच्या भागात शेतं मोडून ले-आऊट पडत होते, घरं वाढत होती आणि सगळ्यांची डीपी एकच होती. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, नवतपा लागला की घरोघरी कूलर घुमायचे. संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरायचं की ट्यूबलाइट नुसती फडफडायची. मग कुणाच्या तरी घरी इस्त्री लागायची आणि डीपीवरचा फ्यूज जायचा. अख्खी गल्ली अंगणात.

अशा वेळी काका टेस्टर आणि पकड घेऊन निघायचे. पण त्यांचं खरं काम त्या आधीचं होतं. आमच्या मीटरच्या फळीशेजारी भिंतीवर त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: बल्ब ६०, ट्यूब ४०, पंखा ७५, कूलर २००, मिक्सर ५००, इस्त्री ७५०, शेगडी २०००. आईला त्यांनी एवढंच सांगितलं, "वहिनी, एका टायमाले जे चालू हाय त्याचीच बेरीज करा. घरात किती वस्तू हायेत ते मोजू नका." आई फारशी शिकलेली नव्हती. पण कूलर बंद करून मिक्सर लावणं, पहाटे इस्त्री उरकणं, हे तिनं त्या भिंतीवरून वाचून ठरवलं. विजेच्या बिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो; आमच्या घरात तो वाचून दाखवला जायचा. इतर कुठल्या घरात तो कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही.

मला त्यांनी किटकॅट फ्यूज बांधायला शिकवला. मुलगी म्हणून नको, असं ते म्हणाले नाहीत. मेन स्विच पाडायचा, टेस्टरनं पाहायचं, मग किटकॅट ओढायचा, बारीक तार घालायची. फ्यूज वारंवार जातो म्हणून काही घरांत जाड तार बांधलेली असायची. ती दिसली की एरवी शांत असणारे काका भडकायचे. "फ्यूज जळाला त घर वाचलं. तार जाड केली त मंग काय जळन, सांगा!"

त्यांचं आणखी एक सूत्र होतं: "जे तापते ते लाईन खाते, जे फिरते ते थोडंसं खाते." व्होल्टेज उतरल्यावर मात्र काळजी उलट दिशेनं. शेगडी नुसती मंद होते, तिचं काही बिघडत नाही. कूलरची मोटर कण्हते, तापते, वाइंडिंग जळतं. म्हणून दिवे पिवळे पडले की आधी कूलर बंद. भर उन्हाळ्यात हे जड जायचं. पण गल्लीत मोटरी जळत होत्या तेव्हा आमचा कूलर टिकला.

लेक जर्मनीत असते. एका उन्हाळ्यात तिनं आणि जावयांनी कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतली आणि आम्ही फ्रान्समध्ये उतरलो. लुआर नदीकाठी एका नगरपालिकेच्या कॅम्पिंगच्या जागेवर थांबलो. फ्रान्समध्ये अशा जागी अनेकदा अँपिअरप्रमाणे दर असतो. आमच्या पावतीवर ६ होतं. जर्मनीत १६ अँपिअर मिळायची सवय असलेल्या जावयांना ते नुसतं पावतीवरचं एक कलम वाटलं. मला सिंदीची भिंत दिसली. २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅट. त्यात व्हॅनचा चार्जर, रात्रभर वापरलेली बॅटरी भरताना अडीचशेच्या घरात. फ्रिज दीडशे. हा फ्रिज कॉम्प्रेसरचा नव्हता. उष्णतेवर चालणारा, विजेवर किंवा गॅसवर. म्हणजे थंड करणारी वस्तू असूनही काकांच्या हिशेबात ती 'तापणारी'. उरले हजारच्या आतबाहेर. आणि चहाची इलेक्ट्रिक किटली २२०० वॅटची.

मी किटली कपाटात ठेवली. चहा गॅसवर. तापवायचं ते गॅसला, फिरायचं आणि उजेडाचं ते विजेला. लहान हीटर फक्त हजारावर, आणि तो लावायचा तेव्हा फ्रिज गॅसवर. लेक म्हणाली, "आई, जरा जास्त झालं तरी चालतंय की." चालतं, हेच तर फसवं आहे. एमसीबी शॉर्टसर्किटला क्षणात पडतो. भार थोडा जास्त असेल तर आतली पट्टी तापून वाकेपर्यंत दम धरतो. म्हणून संध्याकाळी सगळं सुरळीत दिसतं आणि मध्यरात्री, थंडीत, वीज जाते. तिथं एमसीबी खांबावरच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली ऑफिसात आणि ऑफिस सकाळी उघडणार.

व्हॅनला वीज आणणारी केबल गुंडाळीच्या चक्रावर होती, थोडीच ओढलेली. ती मी पूर्ण उलगडायला लावली, गवतावर मोकळी पसरली. गुंडाळलेल्या तारेतून जास्त वीज गेली की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. काका कूलरच्या लांब वायरीचं भेंडोळं कधी तसं राहू देत नसत. मग अर्ध्या तासानं मी केबलच्या निळ्या प्लगला हात लावून पाहिला. गरम असेल तर संपर्क सैल. गार होता.

जावयांनी विचारलं, हे कुठं शिकलात? मी सांगत बसले, तेव्हा कळलं की काकांचं शिकवणं विजेपुरतं नव्हतं. आपल्या भाराचा दुसऱ्याच्या घरावर काय परिणाम होतो, हे धरून वापरायचं, हे त्यांनी आम्हाला बेरजेतून दिलं. तार, होल्डर, मजुरी यांचे पैसे ते चोख घ्यायचे. शिकवण्याचे कधी सांगितले नाहीत आणि आम्हीही कधी विचारले नाहीत.

परत आल्यावर मी मुद्दाम सिंदीला गेले. काका आता शिडीवर चढत नाहीत. मी निळ्या प्लगचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी अर्थिंगच्या पिनवर बोट ठेवलं, "हे जाड काऊन हाय, मालूम हाय नं?" मालूम होतं, त्यांनीच सांगितलेलं. मग विचारलं, "आपला स्विच पडला त बाजूच्याची लाईन जाते का तिथं?" नाही, प्रत्येकाचा एमसीबी वेगळा, म्हटलं. ते समाधानानं हसले.

नंतर त्यांना व्हॅनमधल्यासारख्या बॅटरीबद्दल जाणून घ्यायचं होतं. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. शिशाची असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. त्यांचा कूलर १५० वॅटचा. इन्व्हर्टरची घट धरून आम्ही साडेतीन तास काढले.

"म्हणजे लाईन गेली तरी दुपार निघाली नं बाप्पा," काका म्हणाले आणि बॅटरीची किंमत विचारू लागले.