मोबाईल गेला, माहिती जाऊ देऊ नका

वस्तीत कुणाचा मोबाईल चोरीला गेला की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "केवढ्याचा होता?" मग हळहळ होते, हप्ते फिटले होते का याची चौकशी होते आणि नवा कुठे स्वस्तात मिळेल यावर बोलणे येऊन थांबते. मोबाईलच्या आत काय होते, हे सहसा कुणी विचारत नाही. आम्हा उभयतांना वाटते की पहिला प्रश्न तोच असायला हवा.

दहा-बारा हजारांची वस्तू गेली तर घरखर्चात खड्डा पडतो, हे खरेच. पण आज आपल्या घरातले सगळे कागद त्या एका वस्तूत येऊन बसले आहेत. आधारकार्ड, रेशनकार्ड, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, मुलीच्या शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज, आईचे दवाखान्यातले रिपोर्ट, बँकेचे पासबुक. आपल्या आईवडिलांनी हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत जपले. पावसाचे पाणी घरात शिरले की भांडीकुंडी राहू द्यायची आणि आधी ती ट्रंक माळ्यावर चढवायची. एका दाखल्यासाठी कचेरीत किती खेटे घालावे लागतात, हे त्यांना ठाऊक होते.

"आपल्यासारख्या गरिबांचे काय चोरणार?" असे म्हणणारे आम्हाला भेटतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा नेमका हाच विचार न्यायालयासमोर आला होता. खासगीपणा ही वरच्या वर्गाची चैन आहे, हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळून लावला. राज्यघटनेच्या कलम २१ मधले जीवित आणि स्वातंत्र्य ज्याला आहे, त्याला हा हक्क आहे. झोपडीत राहणाऱ्यालाही आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या वहिनींचा मोबाईल संध्याकाळच्या गर्दीत लोकलमधून उतरताना गेला. पर्सची चेन कुणी उघडली ते कळलेही नाही. वहिनी आशा सेविका आहेत. गरोदर बायकांची नोंद, बाळांच्या लसीच्या तारखा, मातृवंदना योजनेच्या अर्जासाठी घेतलेले आधार आणि पासबुकाचे फोटो, सगळे त्या मोबाईलमध्ये होते. एका क्षयरोग्याच्या औषधांचा तक्ताही होता. आजारी माणसाने घरच्यांखेरीज फक्त वहिनींना सांगितलेली ती गोष्ट. त्यामुळे तो मोबाईल वहिनींचा असला तरी त्यातली माहिती एकट्या वहिनींची नव्हती.

चोराच्या हाती पहिल्या तासात काय लागते ते समजून घेतले पाहिजे. मोबाईलला कुलूप असले तरी आतले सिमकार्ड सुईने बाहेर काढता येते. ते दुसऱ्या मोबाईलमध्ये घातले की तुमच्या क्रमांकावर येणारे ओटीपी त्याला मिळू लागतात. यूपीआयचा पिन नव्याने बसवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो. आधारच्या मार्गाने बसवायचा तर आधारचे अंक आणि ओटीपी. आता विचार करा, कार्डाचे आणि आधारचे फोटो ज्याच्या गॅलरीत आहेत, त्याचा मोबाईल उघडला गेला तर चोराला मागायचे काय उरले? यूपीआय लाईटमध्ये ठेवलेल्या पैशाला तर पिनही लागत नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये तिची मर्यादा वाढवून एका वेळी १,००० रुपये आणि एकूण ५,००० रुपये केली.

म्हणून सिम आधी बंद करायचे. मोबाईल शोधायला स्टेशनवर धावाधाव नंतर. शेजारच्याचा फोन मागून घ्या आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवा. आमच्याकडे अडचण अशी की वहिनींचे सिम दादांच्या नावावर, आणि दादा वापीला कंपनीत रात्रपाळीला. आपल्या कितीतरी घरांत हेच आहे. सिम भावाच्या नावावर, दिराच्या नावावर, कधी वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. वापरणारी बाई वेगळीच. सिम बंद करण्याचे काम दादांनी तिकडून फोनवर केले. पण त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यायला ज्याच्या नावावर आहे त्यालाच आधार घेऊन दुकानात उभे राहावे लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी एक खाडा करून त्यांना यावे लागले. बाईच्या हातातले सिम बाईच्याच नावावर असावे, हे आम्ही त्या दिवसापासून ज्याला त्याला सांगतो. नवे सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर संदेश येत नाहीत. कुणी दुसऱ्यानेच तुमच्या नावाने सिम काढले तर सावध व्हायला वेळ मिळावा म्हणून हा नियम आहे, तेव्हा ओटीपी येत नाही म्हणून घाबरू नये.

इकडे पुतण्याने आपल्या फोनवर गुगलचे 'फाईंड हब' उघडले. पूर्वी यालाच 'फाईंड माय डिव्हाईस' म्हणत. वहिनींच्या मेलचा पासवर्ड त्याला माहीत होता आणि पडताळणीसाठी त्याचा क्रमांक आधीच दिलेला होता, म्हणून आत जाता आले. तिथून मोबाईलला लांबूनच कुलूप घालता येते, तो कुठे आहे ते पाहता येते आणि आतले सगळे पुसूनही टाकता येते. मात्र त्या मोबाईलला इंटरनेट मिळाले तरच हुकूम पोहोचतो, आणि एकदा पुसले की मग ठिकाण दिसत नाही.

इथे घरात वाद झाला. पुतण्या म्हणाला, "काकू, थांबा, उद्या चोर फोन चालू करील, आपल्याला पत्ता कळेल." दादाही फोनवरून तेच म्हणत होते. अजून पाच हप्ते बाकी होते. वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मोबाईलचा पत्ता कळेल, पण तोवर त्या बायकांचा पत्ता चोराला कळेल, त्याचे काय? पूस." पुतण्याने नाइलाजाने बटण दाबले. मोबाईल बंद असल्यामुळे हुकूम तसाच पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी कुठेतरी मोबाईल सुरू झाल्यावर पुसल्याची खूण आली. त्या रात्री वहिनी पोटभर जेवल्या.

पुसून टाकले म्हणजे मोबाईल सापडण्याची आशा संपली, असे मात्र नाही. प्रत्येक मोबाईलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो, दोन सिमच्या मोबाईलला असे दोन असतात, आणि आतले सगळे पुसले तरी ते तसेच राहतात. चोरीच्या मोबाईलचा हा क्रमांक देशभरातल्या कंपन्यांकडे बंद करणारी सीईआयआर नावाची व्यवस्था केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्रात सुरू केली आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी'च्या रूपाने सगळ्या देशाला खुली केली. तिथे पोलीस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र जोडून अर्ज करायचा. मग कुठलेही सिम घातले तरी तो मोबाईल चालत नाही आणि कुणी चालवायला गेले तर माग लागू शकतो. क्रमांक मोबाईलच्या बॉक्सवर आणि बिलावर असतो. मोबाईल हातात असताना स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले तरी दिसतो. आजच एका वहीत उतरवून ठेवावा. वही कागदाचीच हवी. ही नोंद मोबाईलमध्येच करून ठेवणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत.

तक्रारीची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे. ठाण्यात वहिनींना सल्ला मिळाला, "बाई, गहाळ झाला असे लिहा, लवकर काम होईल." वहिनी म्हणाल्या, "साहेब, गहाळ माझ्या हातून झाला असता तर तसे लिहिले असते. हा पर्स उघडून काढला आहे." मग हद्दीचा प्रश्न निघाला, की लोकलमध्ये गेला म्हणजे लोहमार्ग पोलिसांकडे जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने नोंदवून घ्यायची असते आणि तक्रारदाराला प्रत विनामूल्य द्यायची असते. चोरीचे कलम भारतीय न्याय संहितेत ३०३ आहे. वहिनींनी हे दोन आकडे कागदावर लिहून नेले होते. आवाज न चढवता त्यांनी तो कागद पुढे केला. आतून एक महिला पोलीस आल्या, त्यांनी नीट ऐकून घेतले आणि चोरी म्हणूनच नोंद केली. गहाळ की चोरी, हा शब्दांचा खेळ वाटेल. पण पुढे त्या सिमवरून कुणाला फसवले गेले, तर आपला मोबाईल कोणत्या दिवशी, किती वाजता चोरीला गेला हे सांगणारा तोच कागद आपल्या हातात असतो.

बँकेला कळवण्याचे काम सिमच्या पाठोपाठ, त्याच तासात. यूपीआय आणि कार्ड बंद करायला सांगायचे आणि तक्रार क्रमांक वेळेसह लिहून घ्यायचा. वेळ का, तर रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात बँकांना बजावले की ग्राहकाने कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याचा भार बँकेने सोसावा, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच टाकली. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर, तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. सुदैवाने वहिनींचा एक रुपयाही गेला नाही.

व्हॉट्सॲपचे एक वेगळेच आहे. सिम बंद झाले तरी चोरलेल्या मोबाईलवर वायफायवरून ते चालू राहू शकते. तुमच्या नावाने "दवाखान्यात आहे, पाच हजार पाठव" असे निरोप नातेवाइकांना जाऊ शकतात. नव्या सिमवर दुसऱ्या मोबाईलमध्ये व्हॉट्सॲप सुरू केले की जुन्यावरचे आपोआप बंद होते. तोवर मंडळाच्या, भिशीच्या, नातेवाइकांच्या गटांत दुसऱ्या कुणाकडून निरोप घालून ठेवावा. मेलचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

चौथ्या दिवशी नव्या सिमवर संदेश आला, "तुमचा मोबाईल सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी येथे दाबा." आशेने माणूस दाबतोच. ही चोरीची दुसरी पायरी असते. तिथे गुगलचा किंवा ॲपलचा पासवर्ड मागतात, आणि तो मिळाला की आपण घातलेले कुलूप निघते. पुतण्याने तो संदेश कुणाला उघडू दिला नाही.

पण या सगळ्याआधी, मोबाईल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, वहिनी छत्री घेऊन बाहेर पडल्या होत्या. ज्या बायकांचे कागद त्या मोबाईलमध्ये होते त्या नऊजणींच्या दारात त्या स्वतः गेल्या. "माझे नाव सांगून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका, मी असा फोन कधी करणार नाही," एवढेच सांगितले. क्षयरोग्याच्या घरी त्या शेवटी गेल्या आणि बराच वेळ बसल्या. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

मोबाईल अजून सापडलेला नाही. वहिनी सध्या पुतण्याचा जुना फोन वापरतात आणि त्यातल्या सिमलाही पिन घातला आहे. ही सोय प्रत्येक मोबाईलच्या सेटिंगमध्ये असते. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की आधी पिन विचारतो आणि तीनदा चुकला की अडकतो. मूळ पिन मात्र कंपनीला विचारूनच बदलावा, अंदाजाने नाही. कामासाठी काढलेला फोटो पाठवून झाला की त्या लगेच पुसतात, आणि 'ट्रॅश'मधूनही पुसतात, कारण तिथे तो महिना-दोन महिने पडून राहतो.

परवा वस्तीतल्या दोघीजणी मोबाईलचे बॉक्स घेऊन आमच्याकडे आल्या. आयएमईआय वहीत उतरवून घ्यायचा होता. एकीच्या बॉक्सवरचा आणि मोबाईलमधला क्रमांक जुळेना. तिने तो सेकंडहँड घेतलेला. केवायएम लिहून, जागा सोडून, मोबाईलमधला तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला. मोबाईल काळ्या यादीत नव्हता. पण बॉक्स दुसऱ्याचा का दिला हे विचारायला आणि पक्के बिल लिहून घ्यायला ती त्याच संध्याकाळी दुकानात गेली.